रिव्हर्स नसलेल्या गाड्या

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)

आत्ताच अथर्वशीर्षाची आवर्तनं झाली आणि लगेच मोटारीवर भाषण, हे जरा विचित्र वाटेल. पण कार्यकारिणीचं म्हणणं पडलं की दरवर्षी वकील आणि डॉक्टरच बोलतात, यंदा डिप्लोमावाल्यांना उभं करू. आम्ही तिघं आहोत. दोघे राज्य सरकारच्या खात्यात, तिसऱ्याचं लेथचं दुकान. बोलायला एकजण उभा आहे, पण मजकूर तिघांचा आहे.

विलायतेत घरी गाडी जोडण्याचा छंद जुना आहे. कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन १९५७ साली आली. ती पुष्कळांनी सुट्या भागांच्या पेट्यांमध्ये घेतली, कारण तयार गाडीवर तिकडे खरेदी कर होता आणि पेटीवर नव्हता. कर वाचवायला माणूस काय काय शिकतो पाहा! पुढे याच बांधणीच्या हलक्या गाड्यांत लोक मोटरसायकलचं इंजिन बसवू लागले. वजन कमी, ताकद भरपूर. अडचण एकच. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स नसतो.

तिथला नियम सांगतो की रिकाम्या गाडीचं वजन ४१० किलोच्या वर असेल तर तिला मागे जाता आलंच पाहिजे. तीनचाकीचं गणित उलटं होतं. रिव्हर्स नसलेली तीनचाकी एके काळी मोटरसायकलच्या परवान्यावर चालवता येई, म्हणून बीएमडब्ल्यूची इझेट्टा तिकडे मुद्दाम रिव्हर्सशिवाय विकली गेली. मेसरश्मिटच्या केआर २०० मध्ये तर इंजिन बंद करून उलट्या दिशेनं सुरू करायची सोय होती. टू-स्ट्रोक असल्यामुळे ते जमे, आणि मग चारही गिअर मागे जायला मिळत. चौथ्या गिअरमध्ये उलटं पळून कोणी पाहिलं असेल तर तो धन्य.

आता विजेचा रिव्हर्स. कल्पना सोपी आहे. इंजिन सुरू करायला जी स्टार्टर मोटर असते तीच दुसरी एक घ्यायची. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर दातेरी रिंग बसवायची आणि स्टार्टरचं छोटं चाक तिच्यात अडकवायचं. होंडानं १९८८ साली गोल्डविंग १५०० या जड मोटरसायकलला रिव्हर्स दिला तोही स्टार्टर मोटरच्याच जोरावर.

ताकद पुरेल का? हिशेब करू. माणसासकट गाडी ६०० किलो धरा आणि दहास एक असा चढ. तिला मागे ढकलायला साधारण ६८० न्यूटन जोर लागतो. सेकंदाला एक मीटर, म्हणजे चालण्याच्या वेगानं न्यायचं तर चाकाशी ६८० वॅट झाले. वाटेतली गळती धरून बॅटरीतून अकराशे वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर नव्वद-पंचाण्णव अँपिअर. साध्या मोटारीचा स्टार्टर एवढं करतो, पण अर्धा-एक मिनिटच. त्यानंतर त्याला थंड होऊ द्यावं लागतं.

खरी मेख पुढे आहे आणि इथेच चांगले चांगले फसतात. स्टार्टरमध्ये एकेरी क्लच असतो. इंजिन सुरू होऊन जोरात फिरू लागलं की तो सुटतो आणि मोटर वाचते. लोकांना वाटतं की इथेही तो वाचवेल. नाही वाचवत. गाडी पुढे जाते तेव्हा शाफ्ट रिव्हर्सच्या उलट दिशेनं फिरतो, आणि त्या दिशेला हा क्लच सुटत नाही, घट्ट धरतो. मागे जाताना मोटर मिनिटाला सोळाशे फेरे घेत असेल तर ताशी १०० किलोमीटरला तिचे चव्वेचाळीस हजार फेरे व्हायला हवेत. तिथवर ती पोचतच नाही, आधीच आतल्या तारांच्या चिंध्या होतात. म्हणून ते छोटं चाक दाबलं तरच अडकलं पाहिजे, सोडलं की स्प्रिंगनं बाहेर आलं पाहिजे. शिवाय न्यूट्रलचा हिरवा दिवा लागल्याशिवाय रिलेला वीज मिळता कामा नये. मोटरसायकलच्या इंजिनावर तो स्विच आयताच असतो.

दुसरी एक गंमत. पुष्कळ स्टार्टरच्या तारा बॅटरीला उलट्या जोडल्या तरी मोटर त्याच दिशेनं फिरते, कारण आतलं चुंबकत्व आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात. म्हणून तारांशी झटापट न करता मोटरचं तोंड रिंगच्या दुसऱ्या बाजूला फिरवून बसवतात.

तुम्ही म्हणाल, हे विलायतेचं आम्हाला कशाला? आपल्याकडे घरी जोडलेल्या गाडीला नंबर मिळत नाही. पीथमपूरला बाहा स्पर्धेसाठी कॉलेजची मुलं गाड्या बनवून आणतात, त्या मैदानापुरत्या. आणि त्यांपैकी बरेच जण मालवाहू तीनचाकीचा गिअरबॉक्स घालतात, त्यात रिव्हर्स असतोच. आपल्या रिक्षालाही असतो.

नसतो तो बाजूला चाकं लावलेल्या स्कूटरला. आपल्या मंडळातल्या एका ताईंकडे अशी स्कूटर आहे. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना कॅलिपर. नोकरी करतात, भाजी आणतात, भजनाला येतात. पुढे जायला त्यांना कोणाची गरज नाही. पण पार्किंगमध्ये पुढून गाडी घातली की ती बाहेर काढायला रोज कोणाला तरी म्हणावं लागतं, ‘भैया, जरा पीछे खींच देना.’ पाय टेकवून गाडी मागे रेटणं त्यांना शक्य नाही. गेल्या वर्षी त्या कोजागिरीला आल्या नाहीत. का, विचारलं तर म्हणाल्या, ‘रात्री अकराला कोणाला हाक मारू?’ हे ऐकलं त्या दिवशी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

स्कूटर, चाकं आणि त्या स्वतः मिळून २०० किलो धरले. इमारतीचा रॅम्प बारास एक. जोर लागतो २०० न्यूटन, वेग त्याहून निम्मा ठेवला, तर चाकाशी फक्त १०० वॅट. गळती दुप्पट धरली तरी ई-सायकलची २५० वॅटची गिअरवाली मोटर पुरून उरते. स्कूटरची स्वतःची बॅटरी फार लहान, तिला हात लावला नाही. सीटखाली १२ व्होल्टच्या दोन ७ अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. प्रवाह आठ-नऊ अँपिअरच, त्यामुळे तारही जाड लागत नाही.

बाजारातले मिस्त्री बाजूच्या एका चाकाला साखळी लावून देतात. आम्हाला ते पटलं नाही. एकाच बाजूनं ढकललं की गाडी वळू पाहते, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर पुढचं चाक घसरतं. शिवाय सायकलचं फ्रीव्हील इथेही त्या स्टार्टरच्या क्लचसारखंच वागतं, पुढे जाताना मोटरला फरफटत नेतं. म्हणून आम्ही मधल्या मागच्या चाकाच्या टायरवर टेकणारा खरबरीत लोखंडी रोलर केला. इंजिन बंद असलं की स्कूटरचा क्लच मोकळाच असतो, चाक अडत नाही. हँडलवर सायकलच्या ब्रेकचा लिव्हर आहे. तो दाबला की रोलर टेकतो आणि त्याच दाबानं मोटरचा स्विच लागतो. सोडला की स्प्रिंग रोलर उचलते आणि वीज तुटते. वेगळं बटण ठेवलंच नाही. हात घाबरून सुटला तरी गाडी थांबलीच पाहिजे, एवढा एक आग्रह लेथवाल्यानं धरला आणि तो बरोबर होता. रोलरचा दांडा असा तिरका बसवला आहे की मागे जाताना टायरच त्याला आत ओढून घेतो, म्हणजे बोटांना फार जोर करावा लागत नाही.

आम्ही सरकारी माणसं, त्यामुळे कागद आधी. कायद्यानं वाहनात असा बदल करायला आरटीओची परवानगी लागते आणि आरसी बुकात नोंद लागते. ती झाल्यावरच गाडी रस्त्यावर आली. कोणाला आपल्या घरच्यांसाठी करून घ्यायचं असेल तर मोटर, बॅटऱ्या आणि लोखंडाचा खर्च तुमचा, मजुरी आमची. रविवारी दुपारी लेथवर या, म्हणजे गाडीची मापं घेता येतील. स्कूटरचं मॉडेल आणि मागच्या मडगार्डचा एक फोटो बरोबर आणा.

ताईंची गाडी आत्ता हॉलच्या मागे उभी आहे, भिंतीला अगदी नाक लावून. आरतीनंतर त्या स्वतः काढून दाखवणार आहेत. बघायला जरूर या, फक्त मागे कोणी उभं राहू नका. आणि मुलांनो, लिव्हरला हात लावायचा नाही.