त्याच दारात, पुन्हा
(स्वागताध्यक्षीय भाषण)





निरोगी वार्धक्यावरची परिषद मुंबईत भरणे उचितच आहे. ‘लासी’ हा आपल्या देशातल्या वृद्धत्वाचा मोठा दीर्घकालीन अभ्यास देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून चालतो. २०१७-१८च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढची माणसे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती घेतली गेली.

या अभ्यासासाठी घरी आलेला अन्वेषक एखाद्या आजींच्या हाती मुठीची ताकद मोजणारे यंत्र देतो. चार मीटर अंतर आखून चालायला लावतो. दहा शब्द वाचून दाखवतो आणि काही वेळाने म्हणतो, “आजी, मघाचे शब्द सांगा बरं.” बोटाला टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेतो. एवढ्याने पाहणी होते. काही वर्षांनी त्याच आजींकडे परत गेल्यावरच अभ्यास दीर्घकालीन ठरतो.

हा अट्टाहास हवाच. साठीच्या बाईंपेक्षा ऐंशीच्या बाईंना कमी शब्द आठवले, तर दोष वयाला द्यायचा का? त्या स्वातंत्र्याआधी जन्मल्या. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक मुलींनी शाळा पाहिलीच नाही. त्याच व्यक्तीला तिच्या आधीच्या स्थितीशी ताडून पाहिले, तरच वयाने काय नेले ते कळू लागते. ‘लासी’च्या स्मृतिभ्रंशविषयक शाखेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना हा विकार आहे. स्त्रियांत, खेड्यांत आणि न शिकलेल्यांत प्रमाण जास्त आहे. म्हणूनच वार्धक्याची काळजी मुलींच्या शाळेपासून घ्यायला हवी, असे मी आग्रहाने म्हणतो.

पण परत जावे, तर आजी घरी सापडतातच असे नाही. पावसाळ्यात गावी, दिवाळीनंतर थोरल्याकडे पुण्याला, उन्हाळ्यात लेकीकडे सुरतेला! शेजारीपाजारी विचारून त्यांचा ठावठिकाणा काढणारी मुले-मुली बऱ्याचदा तात्पुरत्या नेमणुकीवर असतात. ती गेली की घराघरांतली ओळखही जाते. शोधनिबंधावर त्यांचे नाव नसते. आज त्यांना पहिल्या रांगेत बसवले आहे, ते स्वागत समितीने ठरवूनच.

दोन मागण्या मांडतो. निधी फेरीपुरता न देता वीस-पंचवीस वर्षांच्या हिशेबाने मिळावा. आणि निष्कर्ष ज्यांच्या शरीरातून निघाले, त्यांच्या घरी ते त्यांच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत छापून पोहोचावेत. दुपारच्या सत्रात याचा ठराव येणार आहे. त्याला आपण सर्वांनी पाठिंबा द्यावा, ही विनंती.