फिरतीवरची माणसं



ठाण्यात नौपाड्यातल्या वंदना एसटी स्टँडवर पहाटे गेलात, तर पुण्याच्या शिवनेरीसाठी थांबलेल्यांत लॅपटॉपची बॅग अडकवलेले बरेच दिसतील. औषध कंपन्यांच्या एम.आर. मंडळींत अशा फिरतीला ‘एक्स-स्टेशन’ म्हणतात. काम परगावी, मुक्काम घरी. मुक्कामाचा ‘आउटस्टेशन’ भत्ता जास्त, म्हणून कंपनीला हे स्वस्त पडतं. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही घरचंच अंथरूण हवं असतं. पण नाशिकचं काम उरकून रात्री स्वतः गाडी चालवत कसारा घाट उतरणारा माणूस पहाटे पाचपासून जागा असतो. टूर प्रोग्रॅमवर सही करणाऱ्या साहेबांनी एवढा एक हिशेब करावा.

साहेब स्वतः निघतात, तेव्हा ते हॉटेलात आणि ड्रायव्हर गाडीतच, सीट मागे करून, डासांच्या संगतीत. सकाळी त्याच्याच हाती आपला जीव सोपवायचा! ड्रायव्हरच्या खाटेचे पैसे वाचवणं मला तरी शुद्ध अविचार वाटतो.

मागच्या सीटवर बसलात तरी पट्टा लावाच. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले, दोघांनीही पट्टा लावला नव्हता. पुढचे दोघे वाचले.

मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत जायचं तर पीतज्वराची लस निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते, तिकीट मात्र दोन दिवस आधी हातात पडतं.

आता कायद्याचं. धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक पहारेकरी 2003 साली पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. तो कामावर पोचलाच नव्हता, असा वाद 22 वर्षं चालला. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मान्य केली. वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर कामावर जाता-येतानाचा अपघातही नोकरीतलाच धरायचा.

तेव्हा फिरतीवर काही झालं, तर कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवा. कुठे, किती वाजता, कोणत्या कामाला निघालो होतो, हे त्यात येऊ द्या. टूर प्रोग्रॅमची एक प्रत घरीही असू द्या.