ससाण्यांची शिरगणती

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया संस्थानात किटाटिनी नावाची एक लांबच लांब डोंगराची ओळ नैर्ऋत्येकडे गेलेली आहे. शरदृतूत थंडीची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा या डोंगराच्या अंगावर आदळून वर चढतो. उत्तरेकडून दक्षिणेस निघालेले ससाणे, बाज व गरुड त्या चढत्या वाऱ्यावर पंख पसरून देतात आणि पंखांची फारशी हालचाल न करता मैलच्या मैल मार्ग आक्रमितात. कड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या कधी डोक्यावरून, तर कधी पायाखालूनही ते जातात.

इतक्या जवळून जाणाऱ्या पक्ष्यावर नेम धरणे अवघड नसते. १९३४ पूर्वी दर शरदात बंदूकवाले या कड्यावर जमत आणि पक्ष्यांचा खच पाडीत. त्यात लाजण्यासारखे काही आहे असे फारसे कोणास वाटत नसे. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्यांचा वैरी, हीच सार्वत्रिक समजूत होती. घारीने पिलू उचलून नेलेल्या घरात इकडेही तिच्याविषयी कोणी बरे बोलत नाही! १९२९ साली तर त्या संस्थानच्या शिकार खात्याने मारलेल्या प्रत्येक बाजामागे ५ डॉलरचे बक्षीस लावले होते.

पुढे तेथील मेलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे न्यूयॉर्कच्या रोझाली एज यांच्या पाहण्यात आली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तयार झालेल्या या बाईंनी १९३४ साली सुमारे १४०० एकरांचा तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस ब्रून व त्यांच्या पत्नी अर्मा यांना राखणीस नेमले. अर्माबाई वाटेच्या तोंडाशी उभ्या राहून बंदूकवाल्यांना परत लावीत. ब्रून कड्यावर बसून पक्षी मोजीत. हेच ते पुढे प्रसिद्धीस आलेले ‘हॉक माउंटन’.

हे मोजणे दिसते तितके सोपे नाही. सप्टेंबरच्या मध्यास, म्हणजे इकडे भाद्रपद असतो त्या सुमारास, रुंद पंखांच्या ससाण्यांचे थवे तापलेल्या हवेबरोबर घिरट्या घालीत वर चढतात. शेकडो पक्ष्यांचे ते फिरते कडे मोजू जाणारा हटकून चुकतो. मुरलेला निरीक्षक थांबतो. वर पोहोचलेले पक्षी घिरटी सोडून ओळीने दक्षिणेस घसरू लागले, की मग मोजतो. जात, वेळ, वारा आणि ओळखता येईल तेथे वय, ही सारी नोंद वहीत होते.

त्यातला वयाचा रकाना पुढे फार मोलाचा ठरला. अमेरिकेचे मानचिन्ह असलेला पांढऱ्या डोक्याचा गरुड लहानपणी सर्वांगी काळपट असतो. डोके व शेपूट पांढरी होण्यास चार-पाच वर्षे लागतात. त्यामुळे दुरूनही पोर कोणते व प्रौढ कोणता हे कळते. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी शेकडा ४० पोरवयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण शेकडा २० वर आले आणि १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे अवघे एक पिलू दिसले. मोठे गरुड आकाशात होते, म्हणून वरवर पाहणाऱ्यास काही बिघडलेसे वाटले नसते. पण घरट्यांतून नवी पिढी बाहेर पडत नव्हती.

राशेल कार्सन यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात डी.डी.टी.सारख्या कीटकनाशकांवर आरोप ठेवताना ब्रून यांचे हे आकडे पुढे मांडले. अंड्यांची कवचे पातळ होऊन ती फुटत, हे वैज्ञानिकांनी त्यानंतर काही वर्षांनी दाखवून दिले. १९७२ साली अमेरिकेत डी.डी.टी.च्या शेतीतील वापरावर बंदी आली. गरुड हळूहळू सावरला आणि २००७ साली संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून त्याचे नाव निघाले.

ब्रून पहिल्या वह्या लिहीत होते तेव्हा डी.डी.टी. शेतांवर आलेच नव्हते. गरुडांची पोरे वेगळी मोजण्यास त्यांना कोणी सांगितले असेल असेही वाटत नाही. महायुद्धात काही काळ खंड पडला, तेवढा सोडता ती मोजणी चालूच राहिली. अजूनही ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्या कड्यावर दुर्बीण घेऊन माणसे बसतात, आणि ज्या दिवशी एकही पक्षी फिरकत नाही त्या दिवशी वहीत शून्य लिहितात.