किंमत उतरली, वजन नाही

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



 टायरवरच्या या व्याख्यानासाठी संयोजकांकडे मी एकच विनंती केली होती. सगळ्या गाड्यांबद्दल बोलायला सांगू नका, जुन्या, मोठ्या, एके काळी श्रीमंत गणल्या गेलेल्या गाडीबद्दलच बोलू द्या. तिच्या टायरच्या बाबतीत जितका चुकीचा हिशेब मांडला जातो, तितका दुसऱ्या कुठल्या गाडीच्या बाबतीत मांडलेला मी पाहिलेला नाही.

उदाहरण घरचंच घेऊ. १९९४ साली मर्सिडीज-बेंझ आणि टाटांची टेल्को यांनी भागीदारी केली आणि १९९५ पासून पुण्यात टेल्कोच्या आवारात ई-क्लास गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. जर्मनीत त्या मॉडेलला डब्ल्यू १२४ म्हणतात. त्या वेळी ती गाडी घ्यायची म्हणजे पुण्यात फ्लॅट घेण्याइतका पैसा लागायचा. आज तीच गाडी नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळते. हौसेनं घेणारे घेतात, प्रेमानं सांभाळतात आणि टायर बदलायची वेळ आली की दुकानात उभं राहून म्हणतात, "चार लाखांच्या गाडीला तीस-पस्तीस हजारांचे टायर कशाला?"

हाच तो चुकीचा हिशेब. गाडीची किंमत उतरली, पण वजन उतरलेलं नाही. यातली ई २२० रिकामी असताना सुमारे चौदाशे किलो भरते. पाच माणसं आणि सामान घातलं की अठराशेच्या वर जाते. ती आजही १२० च्या वेगानं धावते आणि त्या वेगाला तिला थांबवणारी रबराची जागा दर चाकामागे जेमतेम तळहाताएवढी असते. ब्रेक कितीही चांगले असोत, ते चाक थांबवतात. गाडी थांबवतात ते हे चार तळहात. त्यामुळे टायरचा हिशेब बाजारभावावर मांडायचा नसतो, गाडी घडवणाऱ्यांनी तिच्याकडून जे काम अपेक्षिलं होतं त्यावर मांडायचा असतो.

ते काम काय, हे टायरच्या बाजूला लिहिलेलंच असतं. या गाडीचा मूळ आकार १९५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. पुढे ९१ हा आकडा आणि एक अक्षर असतं. गिऱ्हाईक आकारापाशी वाचायचं थांबतं, आणि घोटाळा तिथेच होतो. ९१ हा भारांक, म्हणजे हा टायर ६१५ किलो भार पेलतो. अक्षर वेगाचं असतं : टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. कुणी म्हणेल, आपल्याला कुठे २१० नं जायचंय? बरोबर, जायचं नाहीच. पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो याचंही माप आहे, आणि उष्णता आपल्याकडे भरपूर आहे.

आता दुकानात काय होतं ते सांगतो. १८५/६५ आर १५ हा टायर आपल्या अनेक छोट्या सेडानना लागतो, म्हणून सगळीकडे मिळतो आणि स्वस्तही असतो. "रिम तीच आहे, साहेब, बसतो." खरंच, बसतो. पण त्याचा भारांक बहुधा ८८ असतो, म्हणजे ५६० किलो. प्रत्येक चाकामागे ५५ किलोंची कुवत कमी झाली. उंचीचं गणित करू. १९५ च्या टायरचा व्यास ६३४ मिलिमीटरच्या थोडा वर जातो, १८५ चा ६२१ च्या थोडा वर. तेरा मिलिमीटरचा फरक, म्हणजे दोन टक्के. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी ९८ नं धावत असेल. ही चूक चालून जाईल, भाराची चूक चालणार नाही. उलट बाजूनं काही जण इनोव्हाचा २०५/६५ आर १५ घालतात, गाडी उंच राहावी म्हणून. तो भाराला कमी पडत नाही. पण स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तो आतून कुठे घासत नाही ना, हे पाहिल्याशिवाय मी तो घेऊ देत नाही. शिवाय मूळ आकार होंडा सिव्हिक, कोरोला, जुनी ऑक्टाव्हिया या गाड्यांनाही लागत असल्यामुळे आजही सहज मिळतो. असं असताना आडवाटेला जायचं कारण काय?

दुसरी हौस मोठ्या रिमची. १७ इंची अलॉय आणि त्यावर २२५/४५ चा टायर. बाहेरचा व्यास जवळजवळ तंतोतंत तोच येतो, त्यामुळे स्पीडोमीटर खूश असतो. पण बाजूची भिंत १२७ मिलिमीटरची १०१ वर आली. बोटभर रबर गेलं. ते बोटभर रबर म्हणजे शोभेची वस्तू नव्हती. या गाडीची स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ती उंच भिंत यांचा मेळ स्टुटगार्टच्या अभियंत्यांनी एकत्र बसवला होता. मागच्या चाकाला पाच दांड्यांची मल्टिलिंक रचना दिली, ती चाक रस्त्याला सरळ टेकवून ठेवते. रस्त्याची बारीक खरखर मात्र टायरनं गिळायची, अशी ती वाटणी आहे. भिंत कापली की ती खरखर थेट बुशांवर, बॉल जॉइंटवर आणि तुमच्या कमरेवर येते. खड्ड्यात रिम वाकते, भिंतीवर फुगा येतो. या गाडीचा मऊपणा तिच्या सीटमध्ये आहे असं लोकांना वाटतं. तो निम्मा टायरमध्ये आहे, हे १७ इंची रिम काढून मूळ चाकं परत चढवलेल्या माणसाला विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तो एका प्रसंगातून सांगतो.

माझे एक स्नेही, वयानं मोठे, मी त्यांना काका म्हणतो. त्यांची ई २२० १९९६ सालची, पहिल्यापासून त्यांच्याच हातातली. भाचीच्या लग्नाला समृद्धी महामार्गानं नागपूरला जायचं ठरलं आणि निघण्याआधी गाडी एकदा बघून दे म्हणाले. चारही टायर दिसायला ठीक होते. मी डिकीतलं कार्पेट उचललं आणि स्टेपनी बाहेर काढली. या गाडीची स्टेपनी पूर्ण मापाची असते. नक्षी जशीच्या तशी, खाचांच्या कडा धारदार, रबराचे बारीक केसही शाबूत. काका कौतुकानं म्हणाले, "अरे, हा तर कोराच आहे. एकदाही लावला नाही."

मी टायर फिरवत डीओटी या अक्षरांपाशी आलो. त्या ओळीच्या शेवटी तारीख असते. २००० सालापासून ती चार आकडी आहे : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. काकांच्या स्टेपनीवर तीनच आकडे होते, ३८५, आणि शेजारी एक छोटा त्रिकोण. तीन आकडे म्हणजे गेल्या शतकातला टायर, त्रिकोण म्हणजे नव्वदचं दशक. १९९५ चा अडतिसावा आठवडा. गाडी घडली तेव्हाचाच टायर होता तो. मी भिंतीवर अंगठा दाबून धरला तेव्हा खाचेच्या मुळाशी केसासारख्या भेगा उघडल्या. अंगठा काढला, मिटल्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

रबर झिजतं तसं म्हातारंही होतं. गंधकानं जोडलेल्या त्याच्या साखळ्यांवर हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन सतत काम करत असतात, उष्णता त्यांना हातभार लावते. रबर हळूहळू कडक आणि ठिसूळ होतं. यापासून वाचवायला कारखान्यात त्यात मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात. टायर धावतो, वाकतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. नुसत्या उभ्या टायरला हे संरक्षण पुरेसं मिळत नाही. जुन्या श्रीमंत गाडीची गोची हीच आहे. ती रविवारी निघते, वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर होतात. या गतीनं नक्षी झिजायला पंधरा वर्षं लागतील. म्हणजे नक्षी बघून टायर बदलायचा नियम या गाडीला लागूच होत नाही. खाचेतली १.६ मिलिमीटरची खूण ही झिजेची मर्यादा आहे, वयाची नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि नक्षी कितीही असो, दहा वर्षांनंतर टायर बाद, असं मिशलिन सांगते. आपल्या उन्हात मी सहाव्या वर्षीच बदलायला सांगतो.

अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात २०१३ साली गेला, त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते. अतिवेग हेच कारण तपासात निघालं, पण टायरच्या वयाची नोंद त्या अहवालात आहे. लाखो डॉलरची गाडी होती ती. पैशांची अडचण नव्हती. तरी टायर वेळेत बदलले गेले नव्हते.

म्हणून दुकानात नवा टायर घेतानाही खाली बसा आणि तारीख वाचा. न वापरलेला म्हणजे नवा, असं धरू नका. २०२० च्या जूनपासून आयात टायरवर सरकारी निर्बंध आले. त्यामुळे कमी खपाच्या आकारांत, विशेषतः ज्यांच्यावर मर्सिडीजसाठी एमओ, बीएमडब्ल्यूसाठी तारा किंवा पोर्शेसाठी एन अशी खूण असते त्यांत, जुना साठा मिळण्याचा संभव असतो. खुणेचा पण तीन वर्षं गोदामात पडलेला टायर आणि खूण नसलेला पण चांगल्या कंपनीचा, योग्य भारांकाचा, तीन महिन्यांपूर्वीचा टायर यांतून मी दुसरा घेईन. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे असावेत, हे ओघानं आलंच.

आता पाऊस तोंडावर आहे म्हणून पाण्याबद्दल. साठच्या दशकात नासाच्या लँगली केंद्रात विमानाच्या टायरवर प्रयोग झाले. पाणी बाहेर फेकायला वाव नसेल तर टायर कुठल्या वेगाला पाण्यावर उचलला जातो, याचं सूत्र त्यांतून निघालं. ते मुख्यतः हवेच्या दाबावर अवलंबून आहे. ३२ पौंडांची हवा असेल तर तो वेग साधारण ९४ किलोमीटर येतो, २४ ची असेल तर ८२. चांगल्या, खोल खाचा हा वेग वर ढकलतात. तेव्हा मुंबई-पुणे रस्त्यावर जुलैमध्ये हवा आठ पौंडांनी कमी ठेवून जाणारा माणूस बारा किलोमीटरचा वेग आधीच गमावून बसलेला असतो. उन्हाळ्यातही गोष्ट तीच. समृद्धीवर लोक दुपारी हवा वाढलेली बघून ती सोडतात. दाब वाढणं हा तापण्याचा परिणाम आहे. हवा कमी केली की भिंत जास्त वाकते आणि टायर आणखी तापतो. दाब थंड टायरवर बघायचा. या गाडीत त्याचा तक्ता पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो, कमी आणि पूर्ण भारासाठी वेगवेगळा.

कुणाला दोनच टायर घेणं परवडत असेल तर? मग नवे मागे लावा. आपल्याकडे उलट करतात, चांगले टायर पुढे. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुतेकदा सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. ही गाडी तर मागच्या चाकांनी ढकलली जाणारी.

बसवताना दोन गोष्टी बघा. मागचा टायर आतल्या कडेनं झिजला असेल, तर आधी मागच्या स्प्रिंग आणि बुश तपासा, नाहीतर नव्या टायरचीही तीच गत होईल. आणि बोल्ट एअर गननं शेवटपर्यंत आवळू देऊ नका. टॉर्क रेंचनं ११० न्यूटन-मीटर, बस. रबरी व्हॉल्व्ह नवे घ्या.

जाता जाता, पुढच्या पिढीच्या गाड्यांबद्दल एक. २००७ पासून चेन्नईत बनलेल्या बीएमडब्ल्यू ५ सीरिजसारख्या गाड्या रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर धावणाऱ्या टायरवर आल्या, आणि त्यांतल्या अनेकींत स्टेपनी नसते. आता लोक साधे टायर घालतात. गाडी मऊ होते, मला ते पटतंही. पण मग पंक्चरचं किट आणि पंप डिकीत हवाच.

स्टेपनी हा शब्द, माहीत आहे ना, वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं. तिकडे तो शब्द विस्मृतीत गेला, आपल्याकडे तो घरोघरी आहे.

काकांनी त्या दिवशी पाच टायर घेतले. जुना कोरा टायर दुकानदारानं बाजूला उभा केला. दोन पोरं येऊन त्याच्या नक्षीवरून हात फिरवून गेली. दुपारपर्यंत तो कुणीतरी पाचशे रुपयांत नेला असता आणि संध्याकाळी कुठल्या तरी टॅक्सीच्या चाकावर चढवला असता. मी दुकानदाराकडून करवत मागून घेतली आणि त्याची भिंत दोन्ही बाजूंनी आरपार कापली. काका शेजारी उभे राहून टायर धरत होते.