मत्स्यबीज घ्यावे कोणाकडून?

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की, हा तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याने मांडावयाचा विषय. माहिती खात्यातील माणसाचे येथे काय काम? शंका रास्त आहे. मी कला शाखेचा पदवीधर. माशांचे शास्त्र मी कोणत्याही वर्गात शिकलो नाही. परंतु नोकरीच्या निमित्ताने तलावांच्या काठी पुष्कळ हिंडणे झाले, ढिवर व भोई बांधवांशी बोलणे झाले, आणि त्यातून एक गोष्ट मनात ठसली. तलावाचे साल बिघडल्याची ओरड उन्हाळ्यात जाळे ओढताना होते. पण ते बिघडलेले असते आदल्या पावसाळ्यात, बीज खरेदी केले त्याच दिवशी.

हे असे का होते, ते समजण्यासाठी थोडे दूरचे उदाहरण देतो. जपानच्या निगाता प्रांतातील डोंगरी गावांत भातखाचरांशेजारच्या तळ्यांतून शेतकरी रंगीत कोई मासे पैदा करतात. आपल्याकडील सायप्रिनसच्याच कुळातला हा मासा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे हे रंग जोपासले गेले आणि 1914 साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडल्यावर त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. कोई घेणारा मनुष्य मासा डोळ्यांनी पाहून घेतो. तरीही लहान माशाचा रंग वाढीबरोबर पालटतो, म्हणून जाणकार गिऱ्हाईक माशापेक्षा पैदासकाराची अधिक चौकशी करतो: याच्या तळ्यातील नर-माद्या कोणत्या, याने दिलेले मासे चार वर्षांनी कसे निघाले, नवे मासे हा इतरांपासून वेगळे ठेवतो की नाही. ही शेवटची चौकशी फार मोलाची आहे. 2003 साली जपानच्या कासुमिगाउरा सरोवरात विषाणूच्या साथीने पाळलेले कार्प मासे मोठ्या संख्येने मेले, तेव्हा जिवंत माशाच्या खरेदीबरोबर रोगही घरी येऊ शकतो, हे सर्वांना पुन्हा कळून चुकले.

आता आपल्या गावच्या तलावाकडे या. शोभेचा मासा पाहून घेता येतो, तरी तेथे विक्रेत्याची एवढी पारख. आपण तर इंचभर लांबीचे, हजारोंच्या संख्येने पिशवीत वळवळणारे जीव विकत घेतो. त्यांत कटला किती, रोहू किती, मृगळ किती, हे अननुभवी माणसाला सांगता येत नाही. मुरलेला भोई ओळखतो. कटल्याचे डोके मोठे, मृगळाच्या शेपटीच्या मुळाशी काळसर ठिपका, अशा त्याच्या खुणा असतात. पण बीज घ्यायला जातो तो बहुधा भोई नसतोच! खोट उघडी पडते ती आठ-दहा महिन्यांनी. तोवर विक्रेता निघून गेलेला असतो, ठेक्याची रक्कम भरलेली असते, आणि गेलेला हंगाम कोणत्याही नियमाने परत मिळत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, ढिवर कुटुंबांची वर्षाची मिळकत अवलंबून असते. 1951 साली मालगुजारी संपून हे तलाव शासनाकडे आले. त्यांच्या पाण्यावर पोसणारी कुटुंबे मात्र तीच राहिली. तेव्हा बीजातील फसवणूक ही थेट त्यांच्या चुलीशी जाऊन भिडते.

जुन्या काळी या बाबतीत विक्रेत्याला फारसा दोष देता येत नसे. कार्प मासे बंदिस्त पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना वाहत्या नदीचा पूर लागतो. म्हणून पावसाळ्यात गंगेसारख्या नद्यांतून अंडी व जिरे गोळा करून ते बंगालमधून हंड्यांत भरून रेल्वेने दूरदूर पाठवीत. नदीतून जे येई ते सरमिसळच असे; त्यात हव्या त्या जातींबरोबर नको असलेले व दुसऱ्या माशांना खाणारे मासेही असत. पुढे डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे 10 जुलै 1957 रोजी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. (हा दिवस आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो.) त्या प्रयोगाने शुद्ध जातीचे बीज हवे तेथे तयार करता येऊ लागले. पण त्याबरोबर जबाबदारीही नदीकडून माणसाकडे आली, हे आपण पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

कारण हॅचरीतही बीज बिघडू शकते. एकाच कुंडात दोन जातींचे मासे सोडले तर कटला व रोहू यांचा संकर होतो. मोजक्याच नर-माद्यांपासून वर्षानुवर्षे पैदास केली तर रक्ताचे नाते जवळ येऊन पुढच्या पिढ्यांची वाढ खुंटते. उलट निवड पद्धतशीर केली तर काय साधते, याचे उदाहरण म्हणजे भुवनेश्वरजवळील केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या तज्ज्ञांच्या सहकार्याने विकसित केलेला जलद वाढणारा ‘जयंती रोहू’. 1997 साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याला हे नाव मिळाले. बीज हे बीजच असते. शेतकरी ज्वारीचे बियाणे घेताना पिशवीवरील खूणचिठ्ठी वाचतो. माशाच्या पिशवीवर अशी चिठ्ठी बहुधा नसते, म्हणून ती पिशवी देणाऱ्यालाच वाचावे लागते.

तो कसा वाचावयाचा? पहिला प्रश्न साधा आहे: बीज तुमचे स्वतःचे, की दुसऱ्याकडून आणून विकता? आणून विकणे हा गुन्हा नव्हे. पुष्कळ प्रामाणिक व्यापारी तेच करतात. परंतु जो आपल्या बीजाचे मूळ सांगतो आणि जो ते टाळतो, त्यांत फरक आहे. दुसरे, प्रजनक मासे पाहावयास मागावेत. ज्याला आपल्या माशांचा अभिमान आहे तो स्वतःहून तळ्यावर नेतो. किती नर, किती माद्या, कोठून आणल्या, केव्हा बदलल्या, हे न विचारता सांगू लागतो. मला भेटलेले चांगले बीजोत्पादक बहुधा बडबडे होते, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही. तिसरे, तेथे एकट्याने जाऊ नये. संस्थेचा सचिव जावा, पण बरोबर जाळे ओढणारा एक वयस्क मच्छीमार अवश्य असावा.

बीज तपासण्याची एक सोपी रीत त्याच मंडळींनी मला दाखविली. घमेल्यात पाणी घेऊन त्यात थोडे बीज सोडावे आणि हाताने पाणी गोल फिरवावे. सशक्त पिले प्रवाहाच्या उलट पोहू लागतात. दुबळी पिले पाण्याबरोबर वाहत मधोमध गोळा होतात. त्याशिवाय अंगावर लाल चट्टे, झडलेले पर किंवा चिकटलेल्या माशांच्या उवा दिसतात का, हे पाहावे. पिशवीत भरण्यापूर्वी बीज रात्रभर हाप्यात उपाशी ठेवले होते का, हेही विचारावे. पोट रिकामे नसेल तर प्रवासात त्यांच्याच विष्ठेने पाणी खराब होते आणि ती गुदमरतात. चांगला विक्रेता आज मागणी केली तर आज बीज देत नाही. तो ‘उद्या सकाळी या’ असे म्हणतो.

आता मोजणीसंबंधी. वादाची बहुतेक प्रकरणे येथेच उद्भवतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. बीज हजाराच्या भावाने विकले जाते आणि मोजले जाते छिद्रांच्या वाटीने. एका वाटीत किती पिले मावतात ते एकदा मोजावयाचे आणि पुढे वाट्या मोजावयाच्या. पद्धत योग्य आहे. पण मोजलेली वाटी दाबून भरलेली आणि पुढच्या वाट्या पाणी निथळू न देता घेतलेल्या, असे झाले की लाखाचे सत्तर हजार होतात. तेव्हा मोजावयाची वाटी खरेदीदाराने मधूनच, आपल्या मर्जीने निवडावी. सरळ विक्रेत्याला याचा राग येत नाही. आकाराचेही तसेच. जिरे स्वस्त, अर्धबोटुकली त्याहून महाग, बोटुकली आणखी महाग. ज्या तलावात मरळ, शिवडा असे खाणारे मासे आहेत, तेथे इंचभर बीज सोडणे म्हणजे त्यांना मेजवानी देणे होय. तेथे चार बोटे लांबीची बोटुकलीच हवी. एक विक्रेता मला असा माहीत आहे की, ज्याने एका संस्थेला लहान बीज विकण्यास चक्क नकार दिला. त्या दिवशी त्याचे गिऱ्हाईक गेले. पुढच्या वर्षी तीच संस्था बोटुकलीची मागणी घेऊन त्याच्याकडे परत आली.

याउलट पूर्व विदर्भातील एका गावी पावसाळ्यात दारावर आलेल्या गाडीतून बीज घेतले गेले. भाव निम्मा होता. पावती नव्हती, मूळ ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात जाळ्यात आला तो प्रायः सायप्रिनस. कटला हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. सायप्रिनस बंदिस्त पाण्यातही सहज अंडी घालतो, त्यामुळे त्याचे बीज मुबलक असते आणि भेसळीला सोयीचे पडते. तो मासा वाईट नाही. पण तो तळाशी चरणारा. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात चरतो. वरचे दोन्ही थर वर्षभर रिकामे राहिले, आणि ठेका मात्र संपूर्ण पाण्याचा भरावा लागला. स्वस्ताईच्या मोहात आणखी एक धोका आहे. ‘लवकर वाढणारा मांगूर’ म्हणून कोणी बीज देऊ लागला तर सावध व्हावे. थाई मांगूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी माशावर केंद्र शासनाने 2000 सालीच बंदी घातली आहे. तो देशी मासे फस्त करतो, आणि पुरात बाहेर पडला की त्याला आवरणे कोणाच्याही हाती राहत नाही.

अधिकारी बंधूंना येथे एक विनंती करावीशी वाटते. दरपत्रके मागवून सर्वांत कमी दर स्वीकारावा, हा नियम सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु दरपत्रकात नुसते ‘मत्स्यबीज, एक लाख’ एवढेच मागितले, तर कमी दर देणारा कोणता माल देईल, हे सांगावयास ज्योतिषी नको. जातवार संख्या, मिलिमीटरमधील आकार, तलावाच्या काठावर दोन्ही पक्षांसमक्ष मोजणी, वाटेत मेलेले बीज कोणाच्या खाती, इतके स्पष्ट लिहिले म्हणजे सर्व विक्रेते एकाच पायरीवर येतात आणि मग कमी दर हा खरोखरच कमी दर ठरतो. लेखापरीक्षणातही अशी नस्ती बोलकी राहते.

विश्वास दोन्ही बाजूंनी चालतो, हेही सांगितले पाहिजे. आपण मृग निघाल्यावर धावत जातो आणि सर्वांच्या आधी बीज मागतो. चांगल्या विक्रेत्याकडे ते शिल्लक नसते, मग उरतो तो गाडीवाला. मागणी उन्हाळ्यातच लेखी नोंदवावी, थोडी अनामत द्यावी. अनुदान यावयाचे आहे म्हणून विक्रेत्याचे पैसे सहा महिने थकवू नयेत. तोही कर्ज काढून प्रजनक मासे पोसतो. आणि मर झाली की सर्व खापर त्याच्या माथी फोडू नये. भर दुपारी पिशव्या फोडून बीज थेट तापलेल्या पाण्यात ओतले, तर ते कोणाचेही असो, मरणारच. पिशव्या पंधरा-वीस मिनिटे तलावात तरंगत ठेवाव्या, मग तलावाचे पाणी थोडेथोडे आत घेऊन पिलांना आपणहून बाहेर पडू द्यावे. शक्यतो हे काम सकाळी उरकावे.

एका संस्थेत मी एक जाड वही पाहिली. दर वर्षीची बीजाची तारीख, जातवार संख्या, वाटेतील मर आणि विक्रेत्याची सही. समोरच्या पानावर पुढील उन्हाळ्यातील उत्पादन, कोणत्या जातीचा मासा किती वजनाचा निघाला त्यासह. ही पाने हंगाम संपल्यावर विक्रेत्याला दाखविली जातात. एका वर्षी मृगळ खुरटा निघाल्याची नोंद पाहून त्याने आपल्या मृगळाच्या माद्या बदलल्या. असे सांगणारे गिऱ्हाईक त्यालाही हवे असते, कारण त्याचे बीज पुढे कसे वाढले, हे एरवी त्याला कोण कळविणार?

आता गुरुजनांसाठी एक काम सुचवितो. बीज सोडण्याच्या दिवशी वरच्या वर्गातील मुलामुलींना पालकांच्या संमतीने तलावाच्या काठी आणावे. अर्थात पाण्यापासून सुरक्षित अंतरावर, उथळ घमेली मांडून. निवडलेल्या वाटीतील पिले त्यांनी एकेक करून मोठ्याने मोजावीत. त्यांचा आकडा सरपंचांनी वहीत लिहावा आणि त्याखाली विक्रेत्याची सही घ्यावी.