चार चाकांचा हिशेब



या व्याख्यानमालेत आपण इतिहास ऐकता, अर्थशास्त्र ऐकता, प्रसंगी वेदान्तही ऐकता. आज टायरांवर ऐकावयाचे आहे म्हटल्यावर काहींना नवल वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण गॅरेजात, कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत आणि उसन्या पुस्तकांतून झाले. तेव्हा ज्या कामात हात काळे झाले, त्यावरच बोलणे आम्हांस शोभेल. आणि हा विषय केवळ ड्रायव्हरांचा नाही. ट्रकला कोणते टायर लावावेत, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे. मोडतोड झाली म्हणजे भुर्दंड कोणी सोसावा?

आधी यंत्राचे पाहू. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर सुटी फिरतात. गाडी वळली की बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. कोणी कोणास अडवीत नाही. मोटारीत चाकांना इंजिनाने ओढ द्यावयाची असते, म्हणून त्यांना असे मोकळे सोडून चालत नाही. यासाठी डावे आणि उजवे चाक यांच्यामध्ये दातेरी चक्रांची एक रचना बसवितात. तिला डिफरन्शियल म्हणतात. ती दोन्ही चाकांना ओढही देते आणि कमीजास्त फिरण्याची मुभाही देते.

चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रकमध्ये पुढे एक आणि मागे एक अशी दोन डिफरन्शियल असतात. पण पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्यामध्ये काय असते? काही गाड्यांत तेथेही तिसरे डिफरन्शियल असते. परंतु गरजेपुरती चौचाकी ओढ लावण्याची सोय असलेल्या पुष्कळ ट्रकांत ते नसते. ड्रायव्हरने दांडा ओढला की ट्रान्स्फर केस नावाच्या पेटीत पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट एकमेकांस पक्के जखडले जातात. एक जितका फिरेल तितकाच दुसऱ्याने फिरावयाचा. शर्यतीसाठी दोघांचे पाय एकत्र बांधावेत, तसा हा प्रकार. दोघांची ढांग सारखी असेल तर ठीक. नसेल तर फरफट ठरलेली.

आता थोडे गणित. पाटीवर मांडता येईल इतकेच आहे. समजा, छोट्या ट्रकच्या नव्या टायरचा व्यास ८० सेंटिमीटर आहे. त्याचा घेर सुमारे २५१ सेंटिमीटर. तोच टायर वापराने सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर झिजला तर व्यास ७८ आणि घेर २४५ होतो. एका फेऱ्यात सहा सेंटिमीटरांचा फरक! यात काय मोठेसे, असे आपण म्हणाल. पण एक किलोमीटर चालण्यास नव्या टायरला ३९८ फेरे लागतात आणि झिजलेल्यास ४०८. दर किलोमीटरला दहा फेऱ्यांचा फरक पडला. मागे दोन्ही नवे व पुढे दोन्ही झिजलेले असतील, तर पुढच्या चाकांना दर किलोमीटरला दहा फेरे जास्त हवेत. आणि ट्रान्स्फर केस म्हणते, एकही मिळणार नाही.

हे दहा फेरे जातात कोठे? चिखलात, वाळूत, सैल मातीत चाक किंचित घसरते आणि हिशेब तेथल्या तेथे मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घट्ट धरतो. मग शाफ्टांना पीळ पडत जातो, दात्यांवर दाब वाढतो, पेटी तापते, स्टीअरिंग जड होते. शेवटी एक तर टायर खरवडून घसरतो, नाही तर आतले काहीतरी तुटते. दांडा सोडवू म्हटले तर सुटत नाही. गाडी थोडी मागे घेऊन पीळ उतरवावा लागतो. ज्यांत तिसरे डिफरन्शियल आहे, त्या गाड्याही यातून पूर्ण सुटत नाहीत. सरळ रस्त्यावरही त्याला अखंड फिरत राहावे लागते आणि ते झिजते.

असे बेजोड टायर मुद्दाम कोणी लावीत नाही. मागचे दोन गुळगुळीत झाले, दोनच बदलले. वाटेत पंक्चर झाले, वर्षानुवर्षे न वापरलेली स्टेपनी चढविली आणि तीच राहिली. एक टायर नायलॉनचा, दुसरा रेडियल. एकावर दुकानातून नवी नक्षी चढवून आणलेली, दुसरा मूळचा. आकड्यांनी माप एकच असले, तरी दोन कंपन्यांच्या टायरांचे घेर तंतोतंत सारखे असतीलच असे नाही. हवा कमी असली तर चाक दबते आणि तेवढाच फरक आणखी पडतो. प्रत्येक वेळी जो निर्णय झाला तो काटकसरीचाच दिसतो. त्या काटकसरीची किंमत मात्र डोळ्यांआड, पेटीच्या आत मोजली जाते.

२०११ साली सह्याद्रीच्या घाटात विजेच्या तारांचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे असाच प्रकार घडला. मागे दोन नवे टायर घातलेले, पुढचे जुनेच. पावसाळ्यात रस्ता कोठे चिखल, कोठे डांबर असा होता. ड्रायव्हरने चौचाकी ओढ लावली होती. ट्रान्स्फर केस फुटली. 'याने डांबरावर दांडा सोडला नाही,' असे म्हणून दुरुस्तीचा खर्च पगारातून हप्त्यांनी कापण्याचा हुकूम निघाला. आमच्या युनियनने वाद घालण्यापूर्वी एकच केले. चारही टायरांवर जमिनीला लागेल तेथे खडूची खूण केली, पुढची ओढ सोडून गाडी सरळ चालविली आणि प्रत्येक चाकाचे दहा फेरे होईपर्यंतचे अंतर फितीने मोजले. पुढच्या आणि मागच्या चाकांत अर्ध्या मीटरहून जास्त अंतर पडले. तो कागद टेबलावर ठेवल्यावर आवाज खाली आले. कपात रद्द झाली आणि चारही टायर एका मापाचे आले.

येथे न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोरड्या पक्क्या रस्त्यावर विनाकारण चौचाकी ओढ लावून मैलच्या मैल जाणारा ड्रायव्हर चुकतोच. टायर सारखे असले तरी वळणावर पुढच्या चाकांचा मार्ग मागच्यांपेक्षा लांब असतो आणि पीळ पडतो. युनियनने त्याची चूक झाकू नये. पण चूक कोणाची हे मोजून ठरावे, कोण दुबळा आहे ते पाहून ठरू नये. कायदाही हेच सांगतो. नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच थेट झाले असेल, तरच त्यापोटी पगारातून कपात करता येते. तीही त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतर, आणि नुकसानीच्या रकमेहून अधिक नाही. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. परंतु संधी मिळूनही ज्याला बोलता येत नाही, त्याला त्या कलमाचा उपयोग काय? साहेबांपुढे 'पेटी आपोआप फुटली' असे म्हणणारा माणूस हरतो. 'दर किलोमीटरला दहा फेरे' असे म्हणणाऱ्याचे ऐकावे लागते.

काही जण विचारतील, ज्या मालकाचा एकच ट्रक आहे आणि जो स्वतःच तो चालवितो, त्याने चार टायर एकदम कोठून आणावेत? प्रश्न खरा आहे. त्याने निदान एवढे करावे. एका आसावर तरी जोडी सारखी ठेवावी, आणि पुढचे-मागचे जुळेपर्यंत पक्क्या रस्त्यावर चौचाकी ओढ लावूच नये. हवा बनविणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे ठेवावी आणि दर आठवड्यास तपासावी. स्टेपनीसह पाचही टायर पाळीपाळीने फिरवावेत, म्हणजे ते बरोबरीने झिजतील. ज्यांच्याकडे दहा-वीस गाड्या आहेत, त्यांना तर सबब नाही. एकटा पडलेला चांगला टायर त्यांनी साध्या, दोनचाकी ओढीच्या गाडीवर, जोड जुळवून वापरावा.

आमची मागणी त्याहूनही स्वस्त आहे. प्रत्येक गाडीत एक वही असावी. टायरचा क्रमांक, चढविल्याची तारीख, खाचांची खोली आणि तेव्हाचे किलोमीटर तीत लिहावेत. मालकाच्या माणसाने व ड्रायव्हरने, दोघांनी सही करावी. ड्रायव्हरने 'टायर बेजोड आहेत' असे लिहून दिल्यावरही गाडी बाहेर पाठविली, तर पुढची जबाबदारी पाठविणाऱ्याची. अशी वही प्रामाणिक मालकाचेही रक्षण करते, कारण खऱ्या हयगयीचा पुरावाही तीतच सापडेल.

आपल्यापैकी बहुतेकांस ट्रक चालवावयाचा नाही, हे आम्ही जाणतो. पण हाताखाली माणसे असलेले आपल्यात पुष्कळ आहेत. काही मोडले की ज्याच्या हातात होते त्याच्याकडे बोट दाखविणे सोपे असते. त्याआधी, ते त्याच्या हाती कोणत्या स्थितीत दिले होते, एवढे मोजून पाहावे. खडूचा तुकडा आणि फीत यांहून जास्त सामान त्यास लागत नाही.