माय आहे तोवर

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. मी जनावरांचा डॉक्टर नाही, आणि प्राणिमित्र म्हणून मिरवावं असंही माझ्या हातून काही झालेलं नाही. उलट एक पिल्लू माझ्याच हातानं मेलं. तिथूनच सुरुवात करतो.

१९८९ साल. लातूरला नवा नवा नोकरीला लागलो होतो. गंजगोलाईच्या मागं एका गल्लीत खोली होती. जानेवारीतल्या एका संध्याकाळी नालीच्या कडेला एक पिल्लू चिरकत पडलेलं दिसलं. डोळे मिटलेले, पाठीवर जखम. ‘आईनं टाकलेलं दिसतंय’ असं माझं मीच ठरवलं आणि टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. जखमेत हळद भरली. गाईचं दूध आणलं, पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं आणि चमच्यानं पाजलं. दूध नाकातून आलं तरी पाजतच राहिलो. रात्री दोनच्या सुमाराला ते गप्प झालं, तेव्हा मला वाटलं, झोप लागली. सकाळी पाहिलं तर लाकडासारखं ताठ.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ते विसरूनही गेलो असतो. पण शाळेला निघालो, तर त्याच नालीच्या कडेनं एक कुत्री, आचळं दुधानं तटतटलेली, हुंगत हुंगत इकडून तिकडं फिरत होती. हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. घरातसुद्धा नाही.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, २०१८ च्या डिसेंबरात, तसाच प्रसंग नांदेडला माझ्या दारात आला. निवृत्त होऊन मी इथं स्थायिक झालो होतो. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं आणि वाळूच्या ढिगाआड एक काळी कुत्री व्याली होती. पाच पिल्लं. चौथ्या दिवशी विटांचा थर घसरला. चार पिल्लं वाचली, पाचव्याचा मागचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. कातडी फाटून लोंबत होती. गल्लीतली पोरं ते पिल्लू पोत्याच्या तुकड्यावर घेऊन माझ्याकडं आली. “गुर्जी, घरात घ्या!”

मी हात पुढं केला आणि मला लातूरची ती नाली आठवली.

तेवढ्यात बांधकामावरच्या वॉचमनची बायको धावत आली. मुखेडकडची बाई. काळीला रोज शिळी भाकरी तीच टाकायची. म्हणाली, “गुर्जी, माय हाय तवर नेऊ नका. दूध देताव तुम्ही, ऊब कुठून आणताव?”

आमच्या ओळखीतला एक मुलगा तेव्हा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता. त्याला फोन लावला. मी पायाचं वर्णन करायला लागलो, तर त्यानं मला मध्येच थांबवलं. “काका, पाय राहू द्या. अंग गरम आहे का? तोंडात बोट दिलं तर चोखतंय का? आई जवळ येऊ देते का?” मी बोट धुतलं आणि पिल्लाच्या तोंडात दिलं. आधी काहीच नाही. मग त्या चिमुकल्या जिभेनं बोटाला असा काही विळखा घातला की मला बोलवेना.

“मग ते जगू शकतं,” तो म्हणाला. “या वयात पिल्लू जखमेनं मरतं त्याहून जास्त थंडीनं आणि उपाशी राहून मरतं.”

त्यानं फोनवर आणि संध्याकाळी येऊन गेलेल्या डॉक्टरांनी समोर बसून जे सांगितलं, ते मला तिसाव्या वर्षी कळायला हवं होतं. कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. पहिल्या आठवड्यात त्याला थंडीनं कुडकुडतासुद्धा येत नाही. मोठ्या कुत्र्याचं अंग १०१-१०२ अंश फॅरनहाइट असतं, याचं ९५ ते ९८, आणि तेही आईच्या आणि भावंडांच्या उबेवर. उन्हाळ्यात भाजून काढणारं आमचं नांदेड डिसेंबरात पहाटे चांगलंच गारठतं. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध गेलं तर ते पचत नाही, म्हणून आधी शेक आणि मग दूध. उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा दुपटीहून जास्त प्रथिनं आणि स्निग्धांश असतात, त्यामुळं नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लू तगणं अवघड. आणि आई चाटते ती काही माया म्हणून नुसती नव्हे. तिच्या चाटण्याशिवाय या वयाच्या पिल्लाला लघवी आणि शीसुद्धा होत नाही. एकेक वाक्य ऐकताना मी लातूरचा माझा एकेक गुन्हा मोजत होतो.

डॉक्टरांना घरी यायला लावलं, याचं श्रेय वॉचमनच्या बायकोच्या चिकाटीला. आमचा भाग देवणी आणि लाल कंधारी गुरांचा. इथं जनावरांचा डॉक्टर म्हणजे बैलाचा आणि म्हशीचा. चार दिवसांचं गावठी कुत्र्याचं पिल्लू दाखवायला नेणाऱ्याकडं लोक कसे बघतात, ते मी रांगेत उभा राहून अनुभवलं आहे.

बाईनं काळीला भाकरी दाखवून लांब नेलं आणि डॉक्टरांनी जखम पाहिली. रव्यासारखे पांढरे कण दिसत होते. ती माश्यांची अंडी. एका दिवसात त्यांच्या अळ्या झाल्या असत्या. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, चिमट्यानं अंडी वेचली. आमच्याकडं अळ्या पडल्या की फिनेल नाहीतर रॉकेल ओतायची पद्धत आहे. डॉक्टर म्हणाले, एवढ्या जिवाला ते विषच आहे, आणि आपली तापाची गोळी तर चुकूनही देऊ नका.

मग त्यांनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, मी पिल्लू घरी न्यायचं आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हातानं पाजायचं. दुसरी, पिल्लू आईजवळच ठेवायचं, जखम तिथंच बघायची आणि पाय वाकडा जुळेल हे धरून चालायचं. तिसरी वाट त्यांनी दबक्या आवाजात सांगितली. मणका किंवा पोट चिरडलं असतं आणि पिल्लू चोखत नसतं, तर इंजेक्शन देऊन शांत करणंच दयेचं ठरलं असतं. “तशी वेळ इथं नाही,” ते म्हणाले, “पण पुढं येणारच नाही असंही नाही.”

मी दुसरी वाट धरली. सोपी म्हणून नाही. पोरं माझ्यावर नाराज झाली. सौ. म्हणाली, “इतकं मऊ जावळ, आणि ते वाळूत ठेवता?” शाळेत मी नामदेवांची गोष्ट किती वर्षं सांगितली असेल! भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे म्हणून आपण त्यांना मानतो, त्यांची पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि आमच्या नांदेडला तर त्याचं केवढं अप्रूप. पण वाटी घेऊन धावणं एक आणि वाटी हातात असून लांब थांबणं एक.

थांबणं म्हणजे बसून राहणं नव्हतं. वाळूवर पोती आणि वर जुनी सतरंजी अंथरली, वरून पत्रा लावला. लंगडं पिल्लू आचळापर्यंत पोचायचं, पण भावंडं त्याला ढकलून द्यायची. म्हणून दर तीन तासांनी दोन दांडगी पिल्लं बाजूला काढून याला मागच्या आचळाला लावायचं. दिवसा मी, रात्री ती बाई. काळी मला दात दाखवायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, दात किंवा नख लागलं तर साबणानं वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या, ‘ओळखीची कुत्री आहे’ म्हणू नका.

शिवाय रोज सकाळी वजन. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं आपला काटा दिला, खाली रद्दी पेपर घालायच्या अटीवर. पहिल्या दिवशी २४० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी २३४. पिल्लू रोज पाच ते दहा टक्के वाढायला हवं, आणि हे घटलं होतं. लागोपाठ दोन दिवस घटलं तर वरचं दूध सुरू करायचं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी काटा २४६ वर थांबला, तेव्हा साखर घ्यायला आलेली गिऱ्हाइकंसुद्धा वाकून बघत होती.

त्याच रात्री काळीनं जागा बदलली. आम्ही फार हात लावला होता ना! एकेक पिल्लू तोंडात धरून तिनं पलीकडच्या पाण्याच्या टाकीमागं नेलं. चार नेली. पाचवं पोत्यावर एकटंच राहिलं. मी फाटकाशी उभा होतो आणि ती बाई वाळूपलीकडं. दोघंही गप्प. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. पिल्लाचं चिरकणं बारीक होत चाललं. मी दोनदा पाऊल उचललं, आणि दोन्ही वेळा तिनं हातानंच थांबवलं. मग काळी आली. तिनं पिल्लू हुंगलं, पायाची पट्टी दातानं फाडून टाकली, चाटलं आणि उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना पट्टीचं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, नाहीतरी या वयात पाय इतक्या झपाट्यानं वाढतो की पट्टी दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते, नाहीतर तीच काचते. रोज धुवा फक्त.

कोलकात्याजवळच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी ३६४ भटक्या पिल्लांचा मागोवा घेतला होता. २०१६ साली छापलेला तो अभ्यास मी नंतर वाचला. सात महिन्यांपर्यंत जगली ती शंभरात एकोणीस, आणि मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या मरणात कुठं ना कुठं माणसाचा हात. वाहनं, मारहाण, आणि उचलून नेणंसुद्धा. त्या शेवटच्या शब्दांवर माझं बोट बराच वेळ थांबलं.

आमच्या पाचांतली तीन जगली, त्यांत हे एक. तीन आठवड्यांत हाड जुळलं, पण वाकडं. पाय कापायचा का, हा प्रश्न पुढं आलाच. उदगीरचा तो मुलगा सुटीत आला तेव्हा त्यानं पिल्लू अंगणात पळवून पाहिलं. पाय जमिनीला घासत नाही, जखम होत नाही, मग असू द्या, म्हणाला. पोरांनी नाव ठेवलं तिपाई. मला ते आवडलं नाही, पण पिल्लू त्या नावाला धावत यायचं.

मे महिन्यात बांधकाम संपलं आणि वॉचमनचं बिऱ्हाड मुखेडकडं परत निघालं. टेम्पोत गाद्यांवर तीन पायांवर उभं राहून तिपाई सगळ्या गल्लीवर भुंकत होतं. काळी टेम्पोमागं कोपऱ्यापर्यंत गेली, आणि परत येऊन उरलेल्या वाळूवर बसली.